आक्काला गाडी लागायची

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, गाडी लागायची. कुणी म्हणेल, त्यात काय सांगायचं, निम्म्या जगाला गाडी लागते. लागते ना! पण ती गाडीत बसल्यावर. आमच्या आक्काला त्यासाठी गाडीत बसावं लागायचं नाही. निपाणीच्या स्टँडवर तिनं पाय ठेवला आणि फाटकातून एखाद्या बसचं तोंड आत आलं, की इकडं आक्का खांबाला धरून वाकलेली असायची. पुढं पुढं स्टँडपर्यंत जायचीही गरज उरली नाही. घरात आईनं प्रवासासाठी म्हणून लिंबू काढून पदराला पुसलं, की आक्का मोरीकडं पळायची. ज्या विद्येवर मी पुढं जन्मभर भाकरी खाल्ली, ती सगळी विद्या आमच्या मोरीच्या उंबऱ्यावर वाकून उभी होती. मी तिला ओळखलं नाही, कारण त्या वेळी मी नाक दाबून पडवीत पळालेला असायचो.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढं पत्र्याची पडवी, मागं मोरी. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. निपाणीत वाढलेल्या माणसाला तंबाखूचा वास येत नाही. पाहुणा दारात येऊन शिंकायला लागला की आम्हाला आठवायचं, अरे हो, आपल्याकडं वास असतो. संध्याकाळी आली की आई आधी दाराबाहेरच लुगडं झटकायची, मग आंघोळ, आणि मगच चुलीपुढं बसायची. भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा आणि मधे मधे तिचा खोकला. तो खोकला आमच्या घरात इतका मुरला होता की एखाद्या दिवशी ऐकू आला नाही तर आम्ही आत डोकावून बघायचो. आप्पा नगरपालिकेत नळाला पाणी सोडायचं काम करायचे, त्यामुळं त्यांना सगळं गाव ओळखायचं आणि निम्मं गाव शिव्या द्यायचं. रविवारी सकाळी मेणबत्ती लावून वंदना व्हायची, आणि दुपारी आई तव्यावर लसूण आणि लाल चटणी घालून सुकट परतायची. त्या सुकटीवर आक्काचा भारी जीव. मी कॉलेजात गेल्यावर घरी येताना काही आणू का म्हणून विचारलं, तर ती म्हणायची, "मला काय नको, तुझ्या वाटणीची सुकट तेवढी दे."

ह्या गाडी लागण्याची सुरुवात संकेश्वरच्या एका लग्नाहून परत येताना झाली. आक्का तेव्हा लहान होती. लग्नात तिनं मनसोक्त बुंदी खाल्ली, आणि खच्चून भरलेल्या बसमध्ये ती सगळी बुंदी मामाच्या नव्या कोऱ्या सदऱ्यावर परत केली. गाडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. मामा मरेपर्यंत त्या सदऱ्याची गोष्ट सांगत होते, तीही आक्काच्या देखत, आणि चार माणसांत. तेव्हापासून आक्का कुठं निघाली की आमची गल्ली दारात यायची. कुणी लिंबू द्यायचं, कुणी आलेपाक. शेजारची काकू सांगायची, "रिकाम्या पोटानं जा गं." पलीकडची म्हणायची, "भरल्या पोटानं जा." आणि सगळ्यांचा मिळून एक आशीर्वाद असायचा: "सुजे, ओकू नको हं!"

आमच्या सीमाभागात कुठलीही गोष्ट दोन राज्यांच्या भांडणात ओढल्याशिवाय राहत नाही. गल्लीतले एक पुढारी एकदा भर चौकात म्हणाले, "पोरगी बघा! बेळगावची गाडी दिसली की ओकती. ह्येला म्हणत्यात बाणा!" आप्पांनी सायकल थांबवून शांतपणे सांगितलं, "कोगनोळीवरनं पलीकडच्या राज्यात जाणाऱ्या गाडीला बघूनबी ओकती ती. तिला दोन्ही राज्यं सारखीच."

हसण्याचा भाग सोडला, तर त्यात आक्काचा जन्म वाया चालला होता. ती माझ्यापेक्षा शंभर पटीनं हुशार. गल्लीतली पोरं पडवीत ओळीनं बसवून पाढे म्हणून घ्यायची आणि चुकलं की नुसतं बघायची. पोरगं आपोआप बरोबर म्हणायचं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. बारावी झाल्यावर बेळगावच्या एका ट्रेनिंग कॉलेजातून बोलावणं आलं. कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं होतं. आप्पा तिला घेऊन निघाले. तवंदीचा घाट चढायच्या आतच ती इतकी ओकली की तिची शुद्ध गेली. घाबरून आप्पांनी गाडी थांबवली, तिला रस्त्याकडेच्या झाडाखाली झोपवलं आणि दुपारी बैलगाडीनं परत आणलं. जागा गेली. दुसऱ्या आठवड्यापासून आक्का आईबरोबर वखारीत जायला लागली. आईनं इतकी वर्षं तंबाखू चाळली होती ती एवढ्याचसाठी, की पोरीला तिथं बसावं लागू नये. आता दोघी शेजारी शेजारी बसून चाळायच्या. घरी आल्या की दोघीही दारात लुगडी झटकायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या नाहीत. पुढं वर्षभरानं आक्कालाही खोकला सुरू झाला. तेव्हा आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि मोरीत जाऊन रडली.

पुढं मीही बारावी होऊन बेळगावला बी.ए. करायला लागलो. विषय मानसशास्त्र. तो मी का घेतला, तर त्या वर्गात गर्दी कमी होती आणि खिडकीजवळची जागा मिळत होती. पण तिथं आम्हाला एक सर वर्तनवाद शिकवायला आले, आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. सर म्हणाले, माणसाच्या मनात काय आहे ते बघायला जाऊ नका, तो करतो काय ते बघा. जे वागणं शिकलेलं आहे ते पुसताही येतं. मग त्यांनी त्या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली: खाणं येण्याआधी रोज आवाज ऐकवला, तर पुढं नुसत्या आवाजानं कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मग अमेरिकेतल्या त्या तान्ह्या बाळाची: पांढरा उंदीर पुढं आला की मागं लोखंडावर घण घालायचा, आणि शेवटी बाळ नुसता उंदीर बघून रडतं. आणि मग ती गोष्ट, जी मला सर्वात आवडली. सशाला भिणारा एक लहान मुलगा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा थोडा थोडा जवळ आणायचा. होता होता मुलगा एका हातानं खातो आणि दुसऱ्या हातानं सशाला कुरवाळतो. मी खिडकीजवळच्या जागेवर ताडकन ताठ बसलो. मला सशाच्या जागी बस दिसली.

सुट्टीला घरी आलो तो शास्त्रज्ञ होऊनच. जेवताना आप्पांना कुत्र्यांची गोष्ट सांगितली. आप्पांनी नीट ऐकून घेतली. "लाळ गळली?" "गळली." "मग पुढं?" "पुढं काय, एवढंच." आप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी त्या मुक्या जनावराला टांगून ठेवलं?" मी खचलो नाही. चांगल्या वागण्याला बक्षीस दिलं की ते वागणं वाढतं, असा दुसरा नियम होता. तो मी आप्पांवरच लावायचं ठरवलं. ते आईशी मऊ आवाजात बोलले की मी लगेच उठून त्यांना चहा करून द्यायचो. काय फरक पडला म्हणता! आप्पा दिवसभर मऊ बोलायला लागले. माझी छाती फुगली. सुट्टी संपत आली तेव्हा आई म्हणाली, "शान्या, त्यांनी तुला चहा करायला शिकवलंय. ह्या घरात आजवर पाण्याचा तांब्या उचलला न्हवतास." आजही माझ्या घरी कुणी माझ्याशी गोड बोललं की मी चहा टाकायला उठतो. सुनेला हे फार लवकर कळलं.

पुढच्याच सुट्टीत बेळगावहून पुन्हा बोलावणं आलं. ह्या खेपेला गेली नाही तर वय निघून जाणार होतं, मग जन्मभर वखार. शेवटी आप्पा म्हणाले, "मी सायकलीवरनं न्हेतो तिला. डबलसीट." आई म्हणाली, "आन् तवंदीच्या घाटात तुम्हीच ओकशीला." मग मी घसा साफ केला आणि शुद्ध पुस्तकी भाषेत म्हणालो, "आप्पा, हा एक शिकलेला प्रतिसाद आहे. मी तो पुसून टाकतो." तिघंही माझ्याकडं बघत राहिली. आक्का म्हणाली, "पुसायचं काम आजवर आईनंच केलंय रं. तू नुसता पळत होतास."

तरीपण ती कबूल झाली. दुसरा इलाज होता कुठं? पहिला धडा अंग सैल सोडण्याचा. भीती आणि सैल अंग एकत्र नांदू शकत नाहीत, असं पुस्तकात होतं. मी आक्काला पडवीत चटईवर झोपवलं आणि सरांच्या आवाजात सुरू केलं: "उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा." आक्का फिसकन हसली. "सोडला." "आता घोटा." ती एवढी हसली की शेजारची काकू बघायला आली, आणि तिनंही चटईवर पडून घोटा सैल सोडला. काकूला गुण आला. ती तिथंच घोरायला लागली. मी ती पद्धत सोडून दिली आणि सशावर आलो. सशाच्या गोष्टीत आवडीचं खाणं लागतं. आक्काच्या आवडीचं खाणं म्हणजे सुकट.

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं दोन मिनिटं थांबून विचार केला असता. मी केला नाही. निपाणीच्या स्टँडवर बेळगावची एक मुक्कामी गाडी संध्याकाळी येऊन उभी राहायची आणि पहाटे निघायची. तिचा कंडक्टर मल्लाप्पा, गोकाककडचा, हसरा माणूस. त्याला मी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बसा की रिकाम्या गाडीत. पण ओकलं तर धुवायचं तुम्ही." झालं! रोज संध्याकाळी आक्का वखारीतून आली की आम्ही डबा घेऊन निघायचो. आधी स्टँडच्या फाटकाशी उभं राहून दोन घास. ते जमलं की खांबापर्यंत. मग गाडीच्या सावलीत. मग पायरीवर. असं करत करत आम्ही खरोखरच आतल्या बाकावर जाऊन बसलो. दिवसभर उन्हात तापलेली गाडी, खिडक्या बंद, रेक्झिनचा आणि डिझेलचा वास, आणि त्यात उघडलेला सुकटीचा डबा. आक्का घास घ्यायची, मधेच तिला उमासा यायचा, मी तिच्या तोंडापुढं डालड्याचा डबा धरायचो आणि तिच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसायचो. उमासा ओसरला की पुन्हा घास. मल्लाप्पा खालून ओरडायचा, "एन्री हे! गाडी हाय का खानावळ?" सकाळच्या प्रवाशांनी तक्रार केली की ह्या गाडीत मासे विकतात काय.

पण प्रगती होत होती, हे नाकारू नका. महिन्याच्या आत आक्का उभ्या गाडीत बसून पोटभर जेवायला लागली. मी सरांना पत्र लिहायच्या तयारीत होतो. मग एका संध्याकाळी मल्लाप्पा म्हणाला, गाडी डिझेल भरायला न्यायची आहे, बसा, तेवढंच चालत्या गाडीत होईल. गाडीनं गुरगुर केली. आईनं न विचारता पिशवीत टाकलेलं लिंबू मी घाईनं बाहेर काढलं, डालड्याचा डबा पुढं धरला आणि आक्काच्या तोंडाकडं डोळे लावून म्हणालो, "आक्का, ओकू नकोस." आणि ती ओकली. पहिल्यासारखीच, सपाटून.

बेळगावला जायचा दिवस दोन रात्रींवर आला होता. गाडी परत स्टँडवर आली तेव्हा आक्का पायरीवर बसली होती, आणि मी तिच्यापुढं उभा राहून आपली चूक कुठल्या पायरीला झाली ह्यावर बोलत होतो. ती एकदम उसळली. "गप! मी तुझा उंदीर न्हाय! का बघालाईस माझ्या तोंडाकडं? सगळी बघत्यात. आई बघती, आप्पा बघत्यात, काकू बघती. आता ओकंल, मग ओकंल म्हणून वाट बघत बसत्यात. पुस्तक वाचून बघणारा तेवढा एक कमी हुता, त्यो आता तू आलास!" बोलता बोलता ती रडायला लागली. "मला वखारीत मरायचं न्हाय रं, मिल्या. आईसारखं खोकून मरायचं न्हाय मला." माझ्या पुस्तकात ह्याच्यावर काही नव्हतं. मीही तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि रडलो. मल्लाप्पा लांब जाऊन विडी ओढत उभा राहिला.

घरी गेल्यावर आक्कानं हुकूम सोडला. ह्या खेपेला दारात कुणी यायचं नाही. लिंबू नाही, आलेपाक नाही, काकू तर मुळीच नाही. आई-आप्पांनी अंथरुणातून उठायचंसुद्धा नाही. "मिल्या तेवढा संगं येऊ दे. पण त्यानं माझ्याकडं बघायचं न्हाय." (आमच्याकडच्या बायका स्वतःला 'जातो-येतो'च म्हणतात, तेव्हा तिनं पुढं जे म्हटलं त्यावर लांबच्या वाचकांनी दचकू नये.) "मी गुपचूप उठून जातो. वखारीत जातो तसा."

त्या पहाटेची आई मला अजून दिसते. हुकुमाप्रमाणं ती डोक्यावरून वाकळ ओढून पडली होती, झोपेचं सोंग घेऊन. पण खोकल्याला सोंग येत नाही. तिनं तो वाकळेत तोंड दाबून गिळला, पुन्हा आला, पुन्हा गिळला. आम्ही तिला ओलांडून गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच आक्का गाडीला निघाली होती आणि तिला कुणीही 'ओकू नको' म्हटलं नव्हतं.

गाडी मल्लाप्पाचीच. आक्का खिडकीशी बसली, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. मी ठरल्याप्रमाणं उलट्या बाजूला तोंड केलं आणि समोरच्या आजोबांच्या पटक्याकडं बघत राहिलो. गाडी सुरू झाली. रेक्झिनचा वास आला, डिझेलचा आला, आणि आक्काच्या पिशवीतून आईनं रात्रीच बांधून ठेवलेल्या सुकट-भाकरीचा आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी मनात म्हटलं, वा, भूक लागली. दुसऱ्या मिनिटाला कळलं, ही लाळ जेवणाची नव्हे.

एक महिनाभर, रोज, त्याच वासात, त्याच बाकावर, दुसऱ्याचे उमासे तोंडाशी डबा धरून बघणाऱ्या माणसाचं काय होईल, हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगता यावं. मी दुसऱ्या वर्षाचा होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आक्का रोज जेवत होती, सशाच्या गोष्टीतल्या मुलासारखी. मी घास घेत नव्हतो. शास्त्रज्ञ जेवत नसतात. ती बरी होत गेली आणि मी लोखंडावरच्या घणापाशी बसून राहिलो.

तवंदीचं पहिलं वळण आलं. आक्का म्हणाली, "काय रं, गप का?"

"काय न्हाय."

"हिकडं बघ."

"बघायचं न्हाय ठरलंय."

"बघ म्हंतो न्हवं मी!"

मी बघितलं. तिनं माझा चेहरा पाहिला, एका हातानं कागदपत्रांची पिशवी डोक्याच्या वर धरली आणि दुसऱ्या हातानं माझी मान खिडकीबाहेर काढली. त्यापुढचा घाट मी उलटा पाहिला. मागून मल्लाप्पाचा आवाज: "ओ प्रोफेसर! औषध कुणाला, आन् पोट कुणाचं बिघडलं!" सगळी गाडी हसली. आक्का उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हसायला काय झालं? माणसाला गाडी लागती. तोंडं पुढं करा सगळी! बघू नका त्याच्याकडं." आणि सगळ्या गाडीनं खरंच तोंडं पुढं केली. आक्का पडवीतल्या पोरांकडं बघायची ना, तसंच तिनं बघितलं असणार.

संकेश्वरला गाडी थांबली तशी ती खाली पळाली आणि लिंबू घेऊन आली. दातानं फोडून माझ्या नाकाशी धरलं. ज्या लिंबानं ती मोरीकडं धावायची, ते लिंबू! तिच्या ते ध्यानातही नव्हतं आणि मला ते बघायची शुद्ध नव्हती. वंटमुरीच्या घाटात तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. काकती मागं गेली तेव्हा ती शेजारच्या बाईला बेळगावात आत शिरल्यावर कुठं उतरायचं ते विचारत होती, आणि मधेच भाकरी मोडून खात होती. सुकटीबरोबर.

ही केस मी पुढं तीस वर्षं वर्गात शिकवली. 'निपाणीतील एक तरुणी' म्हणायचो. पायऱ्या कशा बांधल्या, खाणं कसं जोडलं, सगळं साग्रसंगीत. मुलं लिहून घ्यायची. एकदा खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका काही कामानं आमच्या कॉलेजात आल्या होत्या, त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या. माझं संपलं तशा उभ्या राहिल्या आणि सगळ्या वर्गापुढं म्हणाल्या, "आन् तू ओकलास ते सांगितलास काय ह्यांना?" तेव्हापासून ती केस मी पूर्ण सांगतो. मुलांना दुसरा अर्धाच जास्त समजतो. माझ्याकडं पुढं पाली, विजा, लिफ्ट, परीक्षा अशा नाना भीती घेऊन माणसं आली, बरीही झाली. त्यांच्याकडं मी कधी डोळे रोखून बघितलं नाही. आणि घाट असला की मी स्वतः अजून रेल्वे शोधतो. दुसऱ्याला ब्रह्मज्ञान सांगणारा कोरडा पाषाण मीच. फक्त गाडीत तेवढा मी कोरडा राहत नाही.

तर त्या दिवशी बेळगावात ट्रेनिंग कॉलेजच्या कचेरीत आम्ही पोचलो तेव्हा कारकुनानं माझा अवतार बघून मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कानडीत विचारलं की उमेदवाराची तब्येत अशी असताना आणलंत कशाला. आक्कानं कानडीतच सांगितलं, "उमेदवार मी. हा माझा भाऊ, मला सांभाळायला आलाय." कारकून कागदांआड हसला. अर्ध्या तासात तिचं नाव लागलं. वसतिगृहात खाट मिळाली. पंधरा दिवसांनी हजर व्हायचं होतं. ती बाहेर आली, माझ्यापुढं उभी राहिली. नुसते माझे दोन्ही हात धरून हलवत राहिली.

परतीच्या गाडीला आम्ही बेळगावच्या स्टँडवर आलो आणि मी पायरीवर पाय ठेवला. तेवढंच. मी खांबाला धरून वाकलो. दुसरी गाडी आली, पुन्हा तेच. शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ झाली. आक्का म्हणाली, "तू तुझ्या खोलीवर जाऊन पड. मी जातो घरला."

"एकटी?"

"मग? आई वखार सुटल्यावर स्टँडवर येऊन बसंल. कुणीच उतरलं न्हाय तर तिनं काय समजायचं?"

मी काहीतरी बोलणार होतो. अंग सैल सोड, लांब श्वास घे, असंच काहीतरी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाजूला झालो. ती चढली. खिडकीशी जागा धरली, पदर खोचला, पिशवी मांडीवर घेतली आणि कंडक्टरला म्हणाली, "निपाणी. एक." गाडी निघाली. तिनं हात केला नाही, तिचं लक्ष पुढं होतं. मी त्या खांबाला धरून हमसून हमसून रडलो. आनंदानं रडलो, आणि थोडा रागानंही, कारण तिला माझी गरज उरली नव्हती आणि मला ते इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं. एक हमाल थांबून म्हणाला, "कोण गेलं हो?" मी म्हणालो, "माझी बहीण." तो बिचारा टोपी काढून उभा राहिला.

पुढचं आईनं सांगितलं. ती वखारीतून तशीच, लुगडं न झटकता, स्टँडवर येऊन बसली होती. गाडी आली, आक्का उतरली, ताठ. आईनं तिच्या मागं बघितलं. "मिल्या कुठाय?" "त्याला गाडी लागली," आक्का म्हणाली. "माझं नाव लागलं, आई." आईला पहिलं वाक्यही कळलं नाही आणि दुसरंही. आक्कानं ते दोन-तीनदा सांगितलं, तेव्हा कुठं ती उठली, आणि घरापर्यंत पोरीचा हात धरून चालत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच वखारीत गेली. आपल्या जागेवर बसली आणि चाळायला घेतलं. एक बाई येऊन तिच्याशेजारच्या मोकळ्या जागेशी घुटमळली, आक्काची जागा म्हणून बसेना. आईनं हात थांबवला, सरकून तिला जागा करून दिली आणि म्हणाली, "बस की गं बिनघोर. माझी पोरगी आता येणार न्हाय."